कमरेला खोचलेला नवरा

निगडी, चिंचवड, पिंपरी आणि पंचक्रोशीतल्या समस्त आप्तेष्टांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमचे एकुलते एक चिरंजीव प्रसाद, संगणक अभियंते, हे गेल्या खंडेनवमीच्या सकाळी मुक्काम चाकण येथे सुपारी झाले. चिरंजीवांची प्रकृती ठणठणीत आहे. घटनेच्या वेळी ते हिंजवडीच्या एका चौकात मोटारीत बसून होते आणि आपण सुपारी झालो आहोत याची त्यांना कल्पना नव्हती. हे कृत्य त्यांच्या जन्मदात्रीने, म्हणजे प्रस्तुत लेखिकेने, पूर्ण शुद्धीत आणि स्वहस्ते केले असून तिला त्याचा अद्याप पश्चात्ताप झालेला नाही.

तपशील सांगते, पण त्याआधी वास. खंडेनवमीला आमच्या भागाला एक वास येतो, तो वर्षात दुसऱ्या कुठल्याही दिवशी येत नाही. झेंडूचा तिखट, हिरवट वास आणि यंत्राच्या तेलाचा जड, काळपट वास एकमेकांत मिसळतात, त्यात ऊद आणि नारळाच्या पाण्याचा ओलावा उतरतो, आणि अश्विनातलं ऊन त्यावर तापलं की वाटतं, लोखंडालाच आज फुलं आली आहेत. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपांच्या उंबऱ्यांवर रांगोळ्या असतात, ट्रकांच्या तोंडाला केळीचे खुंट बांधलेले असतात आणि एरवी करवादणारी यंत्रं न्हाऊनमाखून गप्प बसलेली असतात. या पट्ट्यात शांतता ऐकायची असेल तर ती याच दिवशी. आम्हा बायकांना ती ऐकण्याचा अधिकार वर्षातून तेवढाच एकदा मिळायचा.

कारण मी निगडीत नवी नवरी म्हणून आले तेव्हा कंपनी ही पुरुषांची गोष्ट होती. आमचे हे टर्नर होते. त्यांच्या शर्टाला येणारा तेलाचा वास घालवायला मी साबण बदलून पाहिले, ऊन बदलून पाहिलं, पण तो गेला नाही. शेवटी मी तो माझ्या संसाराचाच वास म्हणून स्वीकारला. खंडेनवमीला कंपनी घरच्यांना आत घेई. आम्ही जणू लग्नाला निघाल्यासारख्या रेशमी साड्या नेसून, पोरं कडेवर घेऊन, नवऱ्याचं यंत्र बघायला जायचो. त्यांचा लेथ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनात आलं, ही ती सवत, जी दिवसाचे सगळे चांगले तास घेते आणि मला माणूस उरलासुरला पाठवते. सवतीला हळदकुंकू वाहिलं. ती काय काम करते, हे मात्र विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

खात्याचे साहेब आणि साहेबांच्या मंडळी पाटावर बसत. साहेब पूजा करीत आणि बाईसाहेब उजव्या हाताची बोटं साहेबांच्या हाताला लावून बसत. हाताला हात लावला की पुण्य दोघांचं, अशी ही व्यवस्था. मी कामगार कल्याण केंद्राच्या नाटकांत कामं करणारी बाई. मला प्रत्येक रिकाम्या जागेत आपली भूमिका दिसते. प्रसादला कडेवर सांभाळत मी बाईसाहेबांच्या बोटांकडे बघत राही आणि मनात म्हणे, भूमिका छोटी आहे, संवाद नाहीत, पण बैठक मोक्याची आहे. त्या रंगमंचावर बाईसाठी याहून मोठी भूमिका असू शकते हे मात्र माझ्यासारख्या नटीलाही सुचलं नव्हतं.

ती भूमिका घेऊन आमच्या घरात अश्विनी आली. लातूरकडची मुलगी, शिक्षणाने इंजिनिअर, बोलायला थोडी आणि चालायला भराभर. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबून घडवतात, त्या प्रेस शॉपमध्ये ती कामाला होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिचे कपडे धुवायला घेतले आणि मी बादलीपाशी थबकले. तोच तेलाचा वास. इतकी वर्षं ज्या वासाने मला दाराशी उभं ठेवलं होतं, तो आता माझ्या सुनेच्या ओढणीला येत होता. मी त्या दिवशी साबण जरा कमीच लावला.

पुढे शॉपचे जुने प्रमुख निवृत्त झाले आणि अश्विनीला त्यांच्या जागी तात्पुरतं नेमलं. मग रेवा झाली. रजा संपवून अश्विनी परत गेली तेव्हा सगळे तिच्याशी फार प्रेमाने वागू लागले, आणि नेमकी तिथेच पंचाईत झाली. मोठे साहेब म्हणाले, बाळ लहान आहे, तुला नियोजनाच्या टेबलावर बसवतो, आवाज नाही, रात्रपाळी नाही, वेळेवर घरी. दसऱ्यानंतर ठरवू. मेथी निवडता निवडता तिने मला हे सांगितलं. काड्यांतच पानं टाकत होती, त्यावरून कळलं की बाई विचारात आहे. "आई, ते वाईट माणूस नाहीत हो," ती म्हणाली. "वाईट असते तर भांडले असते." मला शॉपमधलं काही कळत नव्हतं, पण मायेने बाजूला सारणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शॉपमधली माणसंही तिच्यावर खूश नव्हती. आल्या आल्या तिने सगळ्यात जुन्या प्रेसला उजेडाचा पडदा बसवून घेतला होता. प्रेसच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन पिवळे दांडे, आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारे किरण. त्या किरणांत हात, बोट, काहीही आलं की प्रेस जागच्या जागी थांबतो. ऐकायला किती छान. पण जुन्या माणसांचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने प्रेसच्या तोंडाशी जाई आणि घडीघडी काम अडे. त्या प्रेसवर तरुणपण घालवलेले गणपतमामा, राजगुरुनगरकडचे, शॉपमधलं सर्वांत वजनदार माणूस, जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आमी काय बारकी पोरं हाय व्हय, चुलीपाशी जाऊ नको म्हनायला?" हे तिनेच घरी हसत हसत सांगितलं. हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

तर अशी खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी शॉपप्रमुख जोडप्याने पूजेला बसतात, पूजा झाली की वीज सुरू होते, मुहूर्तावर जुन्या प्रेसचा पहिला ठोका प्रमुखाच्या हातून पडतो आणि मग पेढे. मोठे साहेब जातीने हजर. अश्विनीने मोरपंखी रेशमी साडी नेसली आणि वरून कामावरचा निळा कोट चढवला. मी रेवाला घेऊन तिच्याबरोबर निघाले. प्रसादने अर्धा दिवस रजा घेतली होती. सकाळी लवकर ऑफिसात तोंड दाखवून तो परस्पर चाकणला येणार होता. हिंजवडीतून वेळेवर बाहेर पडेन असं समजणाऱ्या माणसाला मी पोटी जन्म दिला, याचा दोष मी आमच्या ह्यांच्या घराण्याकडे ढकलते.

शॉपमध्ये शिरले आणि डोळे निवले. एवढाल्या हिरव्या राखाडी यंत्रांना झेंडूच्या माळा, कपाळी कुंकवाचे टिळे, उंच खिडक्यांतून तिरपं उतरणारं ऊन आणि त्यात निळसर तरंगणारा उदाचा धूर. जुन्या प्रेसच्या तोंडावर गणपतमामांनी स्वतः तोरण बांधलं होतं, झेंडू आणि आंब्याची पानं, या खांबापासून त्या खांबापर्यंत, मधे छान झोल दिलेलं. दरवर्षी ते तिथेच बांधायचे. वीज बंद असल्यामुळे तो अजस्र प्राणी दाराला तोरण लावून पाहुण्यांची वाट बघत बसलेल्या यजमानासारखा दिसत होता.

गुरुजी पाटाशी तयार. पाट दोन, माणूस एक. प्रसादला फोन लावला तर म्हणाला, "आई, गाडी हलतच नाहीये. पुढे टँकर आडवा झालाय म्हणतात." मुहूर्त जवळ येत होता. गुरुजींनी घसा खाकरून विचारलं, दुसरं कुणी जोडपं आहे का बसायला. दोनचार जणांनी लगेच एका वरिष्ठ बाप्याकडे आणि त्याच्या नऊवारीतल्या बायकोकडे पाहिलं. मी अश्विनीकडे पाहिलं. प्रमुखाच्या पाटावर आज दुसरं कुणी बसलं, तर दसऱ्यानंतरचं टेबल आजच मांडलं गेलं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

आता आपल्यात एक जुनी सोय आहे. पूजेला बायको हजर नसली तर नवरा कमरेला सुपारी खोचतो आणि तिच्या जागी ती मानून पूजा पार पाडतो. माझ्या सासऱ्यांनी सासूबाई माहेरी गेल्या की असे कितीतरी सत्यनारायण सुपारीच्या सोबतीने उरकले होते. मी तबकातली एक ठसठशीत सुपारी उचलली, रेवाला दुसऱ्या हाताने सांभाळत पुढे झाले आणि अश्विनीच्या निऱ्यांशेजारी ती खोचली. "घ्या गुरुजी," मी म्हटलं, "हा माझा मुलगा."

गुरुजींनी आधी सुपारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"असं उलटं कधी पाहिलं नाही हो आजी," गुरुजी म्हणाले.

"मी त्याची आई आहे. मला तो यातसुद्धा ओळखू येतो."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, आणि गुरुजीही शेवटी माणूसच. मिशीत हसून त्यांनी पळी उचलली. यजमानांचं नाव विचारलं तेव्हा अश्विनीने स्वतःचं सांगितलं. गोत्र विचारलं तेव्हा मात्र तिने माझ्याकडे पाहिलं. आमचं गोत्र मलाही ठाऊक नव्हतं. अशा वेळी काश्यप म्हणावं असं गुरुजीच म्हणाले आणि पूजा सुरू झाली. पाण्याची पळी तिच्याच हातात, अक्षता तिच्याच हातात. तिच्या हाताला हात लावायला कुणी नव्हतं. माझ्या तरुणपणच्या बाईसाहेबांची ती अलगद टेकलेली बोटं मला आठवली आणि उगीचच माझी बोटं तिच्या हाताकडे निघाली, तेवढ्यात रेवाने माझी माळ ओढून तोंडात घातली म्हणून वेळ निभावली.

आरती झाली, नारळ फुटला, वीज आली. यंत्रांच्या पोटात दबकी गुणगुण सुरू झाली. अश्विनीने पायांत बूट चढवले, जुन्या प्रेसपाशी गेली, मोठ्या साहेबांनी मान डोलावली आणि तिने दोन्ही बटणं दाबली.

प्रेस ढिम्म.

पुन्हा दाबली. पुन्हा ढिम्म. मागून कुजबुज आली, "सुपारी न्हाई चालली वाटतं देवाला." या वेळी हसणारे आधीपेक्षा कमी होते. खंडेनवमीला यंत्र न चालणं ही या लोकांत चेष्टेची गोष्ट नाही. देखभालीचा सागर नावाचा तरतरीत मुलगा मागे पॅनेलपाशी धावला, तसाच परत आला आणि हात पुढे करून म्हणाला, "मॅडम, तो नवीन पडदा अडवतोय. खराब झाला असंल. बायपासची चावी द्या, एकच ठोका काढतो. मुहूर्त टळतोय." म्हणजे पडदा तेवढ्यापुरता झोपवायचा आणि त्याच्या पाठीमागे काम उरकायचं. ती चावी अश्विनीच्या कोटाच्या खिशात होती.

आणि नेमक्या त्याच क्षणाला आमच्या कन्यारत्नाने भूक जाहीर केली. रेवाचं रडणं म्हणजे एकदम तिसरा अंकच. त्याला पहिला, दुसरा नसतो. अंगावर पिणारं मूल रडलं की आईच्या छातीला ते कानाआधी कळतं. ज्यांनी पाजलं आहे त्यांना हे सांगायला नको, ज्यांनी नाही त्यांना सांगून उपयोग नाही. मला अश्विनीचा चेहरा बदललेला दिसला. पुढच्याच क्षणी तिने हातांची घट्ट घडी घातली, मनगटं छातीवर दाबून. ही युक्ती बायकांची बायकांना माहीत. तशी घडी घातली की पान्हा जरा वेळ थोपवता येतो. समोर उभ्या असलेल्या सगळ्या पुरुषांना मात्र ती हाताची घडी अधिकाराची वाटली असणार. सागर चावीसाठी पुढे केलेला हात हळूच मागे घेऊ लागला. मी रेवाला खांद्यावर थोपटत, पाहुण्यांनी ओलांडू नये म्हणून जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभी होते, आणि आयुष्यात इतकं थोर नाटक मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

"अश्विनी, एका ठोक्याचा तर प्रश्न आहे," मोठे साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. "दे चावी. लोक ताटकळलेत."

"सर, या पडद्याशिवाय हा प्रेस चालणार नाही," ती म्हणाली. "मुहूर्तालाही नाही."

झालं. टेबल, नियोजन, वेळेवर घरी येणं, सगळं मला एका रांगेत दिसलं. माझ्यातली सासू तिला सांगू पाहत होती, बाई गं, देऊन टाक चावी, एकदाच तर. बरं झालं, सासवांना पिवळा पट्टा ओलांडायची परवानगी नसते.

अश्विनी प्रेसच्या समोर आली. हातांची घडी तशीच. तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग तिची नजर तोरणावर थांबली. झोल दिलेलं ते सुंदर तोरण बरोबर त्या दोन पिवळ्या दांड्यांच्या मधोमध लोंबत होतं. दरवर्षी तिथेच बांधायचे. यंदा तिथे पडदा होता, एवढंच. पडद्याच्या लेखी झेंडूचं फूल आणि माणसाचा हात सारखाच. त्याने आपलं काम चोख केलं होतं.

तिला ते सगळ्यांदेखत म्हणता आलं असतं. तिने तसं केलं नाही. गणपतमामांच्या जवळ जाऊन ती हलक्या आवाजात म्हणाली, "मामा, तोरण वर घ्यायला लागेल."

मामांना कळायला एक क्षण लागला. मान ताठ झाली. "बांधल्यालं तोरण दसऱ्याच्या आत सोडत न्हाईत, मॅडम."

"सोडू नका. गाठ तशीच राहू दे, नुसतं वर सरकवा. देव वरच असतो की."

मामांनी एकदा तिच्याकडे, एकदा तोरणाकडे पाहिलं. मग पायरीवर चढले आणि दोन्ही हातांनी तोरण वर उचललं. तेव्हा मला ते दिसलं. इतका वेळ फुलांच्या परड्यांत, नारळांच्या गडबडीत लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापाशीच संपत होती. ती आखूड बोटंही बाकीच्या बोटांइतक्याच सफाईने काम करत होती. गाठ न सोडता त्यांनी तोरण वरच्या आडव्या पट्टीवर चढवलं, आणि मग खाली न उतरता तिथेच थांबले. त्यांनी तो डावा हात हळूच दोन दांड्यांच्या मधे धरला. दांड्यावरचा दिवा लाल झाला. हात काढला, हिरवा. पुन्हा धरला, लाल. पुन्हा काढला. एवढा मोठा माणूस, सणाच्या दिवशी, शंभर जणांसमोर, नव्या खेळण्याशी खेळावं तसं ते करत होता, आणि कुणीही हसलं नाही.

मुहूर्त टळून गेला होता. गुरुजींनी आकाशाकडे पाहून दुसरा काढून दिला. गुरुजींकडे मुहूर्तांची टंचाई नसते. अश्विनीने बटणं दाबली. तो लोखंडी डोंगर खाली आला आणि पायाखालची जमीन हलकेच दचकली. रेवा रडायची थांबली. प्रेसच्या दुसऱ्या तोंडातून दाराचा चकाकणारा पत्रा बाहेर आला, मामांनी त्यावर कुंकवाचं बोट ओढलं आणि तो नेऊन देवापुढे ठेवला.

मग पेढे वाटले गेले. अश्विनीने रेवाला माझ्याकडून घेतलं, निळ्या कोटात लपेटलं आणि पाजायला केबिनकडे निघाली. सुपारी कमरेलाच होती. प्रसाद अजून चौकातच होता. मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होते. लोकांपुढे येऊन उभं राहिलं की माणूस पुढारी होतो, अशी माझी नाटकवाली समजूत होती. ती समजूत त्या सकाळी पहिल्यांदा डळमळली. काही माणसं यंत्र आणि हात यांच्या मधे उभी राहतात, दिसत नाहीत, कामात अडथळा वाटतात, आणि त्यांच्यामुळे काय घडलं नाही हे कुणाला मोजता येत नाही. घरोघरी बायका हेच करत आल्या, पण त्याला कुणी हुद्दा दिला नव्हता. ही पोरगी तोच हुद्दा मागत होती, आणि तो मिळेल की नाही हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

मोठे साहेब पेढ्याचा तुकडा मोडत तिला वाटेत म्हणाले, "छान झालं हं सगळं. पण बघ, बाळ किती रडलं. मी अजूनही म्हणतो, दसऱ्यानंतर टेबलच घे. तुझ्याच सोयीसाठी."

अश्विनीने उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पण तिच्या आधी, पेढ्यांची वाटी हातात घेऊन उभे असलेले गणपतमामा, साहेबांसमोर जन्मात आवाज न चढवलेला माणूस, सगळ्या शॉपला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलून गेले:

"अवो साहेब, ह्यांना टेबलावर बसवल्यावर हितं आमच्या पोरांच्या बोटांकडं कुनी बघायचं?"